ऊन राहू द्या, आधी तळवे दाखवा: कातडीचा कॅन्सर घरच्या घरी कसा हेरायचा

एप्रिल लागला की आमच्या वॉर्डातल्या मुली मला गाठतात. "मावशी, सनस्क्रीन कोणतं घेऊ? उन्हानं कॅन्सर होते म्हणतात." सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये नोकरी गेली, त्यामुळे कातडीच्या कोणत्याही प्रश्नाला मी हक्काची. सनस्क्रीनचं उत्तर मी देते, खालीही दिलंय. पण त्याआधी मी त्यांना चपला काढायला लावते आणि तळवे बघते. मुलींना वाटतं, मावशीचंच डोकं उन्हानं तापलं.

झालंय असं की कातडीच्या कॅन्सरबद्दल मोबाइलवर जे फिरतं ते बहुतेक गोऱ्या लोकांच्या देशांतलं असतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत तिघांतल्या दोघांना कधी ना कधी हा कॅन्सर निघतो. म्हणून तिकडे १९८१ पासून सदरा चढवा, सनस्क्रीन चोपडा, टोपी घाला अशी मोहीम चालू आहे, आणि टोपी विसरलेल्या पोराला मधल्या सुट्टीत उन्हात खेळू देत नाहीत. आपल्याकडे सगळ्या कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के धरतात. वर्धा-चंद्रपूरचं ऊन काही तिकडच्यापेक्षा मवाळ नाही. फरक आहे तो मेलानिनचा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचा. ज्या सावळ्या रंगापायी लग्नाच्या बाजारात पोरींना ऐकून घ्यावं लागतं, तोच उन्हातले अतिनील किरण बराचसा अडवून धरतो.

पण ज्यांना होतो, त्यांचा आपल्याकडे फार उशिरा सापडतो. कारण तो जिथे निघतो त्या जागा कोणी बघत नाही. तळपाय, नख, जुना भाजल्याचा वण, वर्षानुवर्षं वाहणारी जखम, कमरेवरची नाडीची रेघ. यांतल्या बहुतेक जागांना ऊन लागतही नाही. आणि सुरुवातीला दुखत नाही, हा सगळ्यात मोठा घात. "दुखत तं नाही ना बाई, मंग काहून दाखवू?" हे वाक्य मी ड्रेसिंग करताना इतक्यांदा ऐकलंय की त्याची पाटी करून दारावर लावावी असं वाटायचं.

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर

दिवस ठरवून टाका. मी विजेचं बिल येतं तो दिवस धरते. ते कधी चुकत नाही. लागतं काय तर हातात धरायचा आरसा, मोबाइलचा टॉर्च आणि पाय घासायचा दगड. दगड आधी. शेतात वावरणाऱ्या पायांवर मातीचा, मेलेल्या कातडीचा असा थर बसलेला असतो की खाली काय आहे ते कळतच नाही. कोमट पाण्यात पाय भिजवा, घासा, कोरडे पुसा, मग उजेडात बसा. नेलपॉलिश काढलेलं हवं. नखांवर मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत थांबा; केशरी नखात काही दिसत नाही.

टाच, तळव्याची कमान, बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख. तसेच हाताचे तळवे. खालचा ओठ बोटाने उलटून बघा. पाठ आपल्याला दिसत नाही, ती नवऱ्याला, जावेला, मुलीला बघायला सांगा. डोक्यातलं न्हाव्याला विचारा. केसांतला काळा डाग किंवा खपली सगळ्यात आधी त्यालाच दिसते. म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नाही, त्यांचे पाय घरातल्या कोणीतरी बघायचे. सासूचे पाय दाबायला बसता तेव्हा टॉर्च लावा, वेगळा वेळ काढायला नको.

काही वेगळं दिसलं तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. पुढच्या महिन्यात तसाच, त्याच नाण्यासकट. "वाढलं असं वाटतंय" आणि "नाण्याच्या पावभर होतं ते अर्ध्याएवढं झालं" यात डॉक्टरसाठी फार फरक आहे.

तीळ बघताना पाच गोष्टी ध्यानात ठेवा. मधोमध रेघ ओढली तर दोन्ही अर्धे सारखे नाहीत. कडा पुसट किंवा वेड्यावाकड्या आहेत. एकाच तिळात काळा, तपकिरी, निळसर, पांढरट असे दोन-तीन रंग आहेत. सहा मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा आहे. आणि पाचवी, माझ्या मते बाकी चारांहून मोठी: तो बदलतोय. वाढतोय, फुगतोय, खाजतोय, टॉवेल लागला की रक्त येतंय. जन्मापासूनची लास पन्नास वर्षं जशीच्या तशी असेल तर तिला राहू द्या. चाळिशीनंतर उगवलेला आणि अंगावरच्या बाकी तिळांच्या जातीचा न वाटणारा तीळ मात्र दाखवा.

तळवा आणि नख

मेलानोमा हा कातडीच्या कॅन्सरांतला सगळ्यात खुनशी. गोऱ्या माणसांत तो बहुधा उन्हाच्या जागी निघतो, पाठीवर, पिंढरीवर. सावळ्या माणसांत मात्र तळपाय, तळहात आणि नखाखाली निघण्याचं प्रमाण जास्त. त्याचा उन्हाशी संबंध लागत नाही. सनस्क्रीनचे डबे रिकामे केले तरी तळव्याला उपयोग नाही. तिथे फक्त डोळे उपयोगाचे.

आता लगेच घाबरून जाऊ नका. आपल्या तळव्यांवर तपकिरी ठिपके असणं अगदी साधं आहे, कित्येकांना ते असतात आणि जन्मभर निरुपद्रवी राहतात. फरक बघायची एक खूण त्वचारोगतज्ज्ञांच्या हातातल्या भिंगात दिसते. त्याला डर्मोस्कोप म्हणतात. बोटाच्या ठशासारख्या रेषा तळव्यावरही असतात, उंचवटे आणि मधल्या खाचा. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांमधून ओळीने भरलेला दिसतो. मेलानोमाचा रंग उंचवट्यांवर चढलेला असतो. हे घरी ओळखायच्या भानगडीत पडू नका. सांगायचं एवढंच की या तपासणीला सुई नाही, रक्त नाही, दोन मिनिटांचं काम आहे. निव्वळ भीतीपोटी ती टाळण्यात अर्थ नाही.

तळव्यावर मेलानोमा कधी काळा न दिसता लालसर, मांसल फोडासारखाही दिसतो. त्याला पायाचं कुरूप, म्हणजे भोवरी, समजलं जातं. मग कॉर्न कॅप लावली जाते, ब्लेडने तासलं जातं, आणि आमच्याकडे तर वर बिबा. बिब्याचं तेल टाचेच्या भेगांवर, कुरूपावर चटका देऊन लावतात. त्याने कातडी भाजते, खरी जखम कोणती आणि बिब्याची कोणती हे डॉक्टरलाही कळेनासं होतं. कुरूप दाबलं की दुखतं, तासलं तर आत कडक, पिवळट, काचेसारखा गाभा लागतो. तासल्यावर काळा रंग निघाला, सहज रक्त आलं किंवा कॉर्न कॅपने महिन्याभरात फरक पडला नाही, तर ब्लेड खाली ठेवा.

नखाचं थोडं सावकाश सांगते. नखात उभी तपकिरी रेघ असणं आपल्या रंगाच्या माणसांत नेहमीचं. चार-पाच नखांवर असतील, फिकट, सरळ, वर्षानुवर्षं तेवढ्याच, तर चिंता नको. बी-१२ कमी असलं तरी नखं काळवंडतात, काही औषधांनीही. लक्ष द्यायचं ते एकट्या नखाकडे. एकाच नखात, विशेषतः पायाच्या किंवा हाताच्या अंगठ्यात, मोठ्या वयात नवीन रेघ आली. ती तीन मिलिमीटरहून रुंद आहे, किंवा मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद, म्हणजे वाढतेय. रंग एकसारखा नाही. नख चिरलंय. आणि काळेपणा नखावरून उतरून भोवतालच्या कातडीवर आलाय. या शेवटच्या खुणेला डॉक्टर हचिन्सनची खूण म्हणतात. ती दिसली तर "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणायचं नाही.

"दगड लागला होता" हे उत्तर मला नेहमी मिळायचं, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. नखाखाली रक्त साकळलं की नख काळं पडतं. ओळखायचं कसं? साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. फोटो काढून ठेवा. दोन महिन्यांनी मुळाशी स्वच्छ नख उगवलेलं दिसलं तर दगडाचाच मार. डाग मुळाला चिकटून तसाच राहिला तर दगडावर बिल फाडू नका. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा होता. तोही आधी फुटबॉलचा मार समजला गेला. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. हाच आजार एक मिलिमीटरपेक्षा कमी खोल असताना सापडला तर बहुतेक लोक केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात.

भाजल्याचा जुना वण

हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण ड्रेसिंग रूमच्या बाकावर याच बाया बसलेल्या असायच्या. रॉकेलच्या स्टोव्हच्या काळात भडका उडून भाजलेल्या. कोणाची मांडी, कोणाची कोपराची आतली बाजू, कोणाचा गुडघ्याचा मागचा भाग. तिथे कातडी ताणलेली, पातळ, चकचकीत असते. घाम नाही, केस नाहीत, लव नाही. उकिडवं बसलं की तडकते, भरते, पुन्हा तडकते. असं वीस वर्षं, तीस वर्षं चालतं आणि एके दिवशी ती भरायची थांबते. या तडकण्या-भरण्यातच कधीतरी स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर, धरतो. मार्जोलिन अल्सर असं नाव आहे, १८२८ साली लिहिणाऱ्या फ्रेंच सर्जनवरून.

कसा दिसतो ते सांगते, कारण हे पुस्तकापेक्षा डोळ्यांनी कळतं. साध्या जखमेची कड सपाट असते आणि आतल्या बाजूला निळसर-गुलाबी नवी कातडी सरकत येताना दिसते. वळणावर गेलेल्या जखमेची कड जाड होते, वर उचलली जाते, बाहेर वळते. बोटाने दाबली तर लाकडासारखी कडक लागते. मध्ये फुलकोबीच्या गड्ड्यासारखं मांस वाढतं, पट्टी काढताना भळकन रक्त येतं, आणि एक वास येतो. पू असल्याचा वास वेगळा. हा रोज धुऊन, औषध लावूनही जात नाही. नंतर जांघेत किंवा काखेत गाठ लागते.

म्हणून ज्यांच्या अंगावर भाजल्याचा मोठा वण आहे त्यांनी दोन कामं करायची. वण रोज खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून मऊ ठेवायचा, उन्हापासून झाकायचा, घासणारा कपडा तिथे नको. आणि वणावर जखम होऊन महिना झाला, तरी भरली नाही, तर ड्रेसिंग करत बसायचं नाही. सर्जनला दाखवून तुकडा तपासायला सांगायचं. सांध्यावरचा वण सारखा फाटत असेल तर प्लास्टिक सर्जन तिथे नवी कातडी लावून तो मोकळा करू शकतात. बायकांना वाटतं ते फक्त दिसण्यासाठी. तसं नाही.

हीच गोष्ट कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या तळव्यावरच्या जुन्या जखमांची. रोग केव्हाच गेला, पण पाय बधिर राहिला, जखम वाहतच राहिली. वर्धा-वरोऱ्याकडे असे म्हातारे अजून आहेत. त्यांना दुखत नाही, त्यामुळे त्यांच्या जखमेची कड कोणीतरी दुसऱ्याने बघायला हवी.

आणि जखमेवर चुना, तंबाखू, टूथपेस्ट, मेडिकलवाल्याने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब, यातलं काही नको. स्टेरॉइडने दोन दिवस लाली उतरते आणि माणूस सहा महिने गाफील राहतो.

नाडीची रेघ

हे ऐकून बाया पदर तोंडाला लावून हसतात, पण यावर डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. १९४५ साली मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी धोतर कमरेला घट्ट आवळणाऱ्यांमध्ये कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. पुढे परकराची नाडी आवळणाऱ्या बायकांमध्येही तो दिसला, आणि २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून अशा दोन म्हाताऱ्या बायकांबद्दल लिहिलं. साडीने कॅन्सर होतो असा अर्थ काढू नका. हे फार क्वचित घडतं. साडीचा दोषच नाही, दोष आहे रोज त्याच जागी, त्याच जोरात आवळलेल्या बारीक नाडीचा. उन्हाळ्यात घाम, कापसाच्या वावरात दिवसभर वाकणं, वरून घर्षण. आधी कातडी काळी पडते, मग जाड, मग त्यावर पांढरट कोंडा, खाज, भेग. बहुतेकींचं तिथेच थांबतं. एखादीची भेग भरत नाही.

उपाय फुकटचा आहे. बारीक नाडी काढा, दोन बोटं रुंद पट्टी किंवा इलास्टिक घाला. गाठ रोज वेगळ्या बाजूला मारा, नाडी एक दिवस थोडी वर, एक दिवस थोडी खाली. घरी आलं की सैल करा. रात्री गाऊन. काळ्या रेघेवर रोज तेल. नऊवारीवाल्या आजींनी कासोट्याची आवळण जिथे पडते ती जागा बघायची. चुडीदाराच्या नाडीला, पुरुषांच्या घट्ट पट्ट्यालाही हेच लागू.

चेहरा, ओठ

चेहऱ्यावर बहुधा बेसल सेल कॅन्सर निघतो. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, पापणीवर. मोत्यासारखी चकाकी असलेली छोटी गाठ. आपल्या रंगात ती काळपट दिसते, म्हणून तीळच वाटते. तोंड पुसलं की रक्त, खपली, खपली पडते, पुन्हा तेच. अंगात पसरण्याचं प्रमाण अगदी कमी, पण आहे तिथे पोखरत जाते. नाकपुडी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. लवकर काढली की विषय संपतो.

खालच्या ओठावर ऊन थेट पडतं. पांढरा चट्टा, न भरणारी चीर दिसली तर दाखवा. इथे एक बोलून घेते. गालावरच्या तिळाची जेवढी चिंता लोक मला येऊन सांगतात, तिच्या शंभराव्या हिश्श्यानेही खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, करत नाहीत. तोंडाचा कॅन्सर विदर्भात कातडीच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त आहे. खर्ऱ्याची पन्नी खिशात ठेवून सनस्क्रीनचा नंबर विचारणाऱ्या पोराला मी काय सांगणार?

आता ऊन, आणि ते कोणाला खरंच बाधतं

जन्मापासून केस, पापण्या, कातडी पांढरी असलेली मुलं. त्याला अल्बिनिझम म्हणतात, ते कोड नव्हे. यांच्या कातडीत मेलानिन जवळजवळ नसतं आणि तरुणपणीच चेहऱ्या-मानेवर कॅन्सर होऊ शकतो. अशा मुलाला शाळेत खिडकीपासून लांब बसवा, खेळाचा तास सकाळचा मागून घ्या, पूर्ण बाह्यांचा सदरा शिवा, आणि मोठा झाल्यावर शेतमजुरीच्या कामाला लावू नका. दुसरं, दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या चेहऱ्यावर उन्हाने ठिपकेच ठिपके येतायत आणि ते उजेडात डोळे उघडत नाही, तर ते नजर लागल्याचं नाही. झेरोडर्मा नावाचा आजार असतो, आईबाप नात्यातले असतील तर शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतात, म्हणून मुद्दाम लिहिते. त्या लेकराला उन्हापासून पूर्ण वाचवावं लागतं आणि तेही आजपासून.

याशिवाय किडनी बदललेली माणसं, कारण त्यांच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. सोरायसिस किंवा कोडासाठी वर्षानुवर्षं गोळी घेऊन उजेडाचा शेक घेतलेले. एकदा कातडीचा कॅन्सर होऊन गेलेले. आणि उन्हात काळी न पडता लालबुंद होणारी, घाऱ्या डोळ्यांची गोरीपान मंडळी. कोडाचे डाग उन्हात पटकन भाजतात, तेही झाका.

बाकीच्यांनी उन्हाला घाबरून घरात बसू नये. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ लोकांना रोज सनस्क्रीन लावायला लावून बघितलं, तेव्हा स्क्वॅमस सेल कॅन्सर जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले. पण ती माणसं बहुतेक गोरी होती. आपल्यात तेवढाच फायदा होईल असं मी छातीठोक सांगणार नाही. वांग, काळवंडणं, सुरकुत्या यांना मात्र फायदा होतो.

एक गैरसमज काढा: ताप आणि अतिनील किरण एक नव्हेत. पारा ४५ वर आहे की नाही याने ठरत नाही, सूर्य किती डोक्यावर आहे याने ठरतं. मोबाइलच्या हवामानात यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा आकडा, दिसतो. तीनच्या वर गेला की झाकायचं, आठच्या वर असेल तर दुपारचं काम टाळायचं. एप्रिल-मेमध्ये तो आपल्याकडे दहा-अकराच्या घरात जातो. पण डिसेंबरच्या दुपारीही तीनच्या बराच वर असतो, तेव्हा आपण गच्चीवर पाठ शेकत बसतो. मोबाइल नसेल तर सावली बघा: आपल्यापेक्षा लांब असेल तर ठीक, आखूड असेल तर झाकून घ्या. मेच्या शेवटी नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा तर सावली पायाखालीच जाते.

झाकायला सनस्क्रीनपेक्षा कापड बरं, स्वस्त आणि घामाने न वाहणारं. कापड उजेडासमोर धरा. बोटं दिसली तर ऊनही जाणार. पातळ पांढरा दुपट्टा दुहेरी घ्या, घट्ट विणीचा गडद रंगाचा आणखी चांगला. घामाने भिजलेलं पातळ सुती कापड किरण जास्त सोडतं. गांधी टोपीने आणि पोरांच्या क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडीच राहते. कानाच्या पाळीचा वरचा काठ तर नेमका तिथेच कॅन्सर धरायची जागा. आमच्याकडे पुरुष डोक्याला दुपट्टा गुंडाळून कान-मान झाकतात, ती रीत उत्तम.

सनस्क्रीन घ्यायचंच तर एसपीएफ ३० पुरे. ३० वाला सुमारे ९७ टक्के किरण अडवतो, ५० वाला ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे कशाला? ट्यूबवर PA या अक्षरांपुढे तीन अधिकची चिन्हं (+++) बघा. पहिल्या दोन बोटांवर लांब रेघ काढली तेवढं चेहरा आणि मानेला, बाहेर पडायच्या पाव तास आधी, आणि घाम आला की दर दोन तासांनी पुन्हा. मटारएवढं लावून दिवसभर भागवणार असाल तर पैसे वाचवा आणि दुपट्टा बांधा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली द्या.

दाखवायला गेल्यावर

महिनाभरात न भरलेली कोणतीही जखम आणि बदलणारा कोणताही तीळ, एवढं कारण पुरेसं आहे. त्वचारोग विभाग जिल्हा रुग्णालयात असतो. नागपूरला मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, वर्ध्याला सेवाग्राम, सावंगी. जाताना फोटो न्या, कोणतं मलम किती दिवस लावलं ते कागदावर लिहून न्या.

डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर घरी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "लोखंड लागलं की कॅन्सर पसरते." नाही पसरत. जागा बधिर करून डाळीएवढा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात, त्याच दिवशी घरी. पसरतो तो वाट बघण्यात. पार्लरमध्ये तीळ जाळून घेणं, चामखीळ म्हणून घोड्याचा केस बांधून पाडणं, याने मात्र खरं नुकसान होतं, कारण जळून गेलेलं तपासता येत नाही आणि मुळं आत राहतात.

कॅन्सर निघालाच तर शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आधार आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, पैसे भरण्याआधी.

आणि कोणीही, कुठेही अंगावरचं काही कापून काढलं, साधी गाठ म्हणून का असेना, तर एक प्रश्न विचारायचाच: तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला का? पाठवला असेल तर रिपोर्टची प्रत मागा. "साधंच होतं, फेकून दिलं" हे उत्तर चालवून घेऊ नका. पुढे परळच्या टाटाला किंवा दुसरीकडे जायची वेळ आली तर ते काचेची स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तोच तुकडा, मागतात. तो पॅथॉलॉजीकडे अर्ज देऊन मिळतो. घरी आणला की कापसात गुंडाळून डबीत ठेवा, कपाटात, उन्हात नाही, मेण वितळतं.